खालचं पाणी कोरं

१

धाकटीचं काम काय, हे कळलं की लोक आधी तोंड वाकडं करत आणि मग नकळत स्वतःचाच दंड चोळत. ती माणसांची कातडी काचेत बसवायची.

ऐकायला भयंकर, करायला कंटाळवाणं. पोटाची चरबी काढली की वरची लोंबणारी कातडी सर्जनला कापून टाकावी लागते. ज्याची हरकत नसेल त्याची कातडी प्रयोगशाळेत येई. फॉइलमध्ये गुंडाळलेली, गोठलेली, बिननावाची. धाकटीने ती खरवडायची, पात्याच्या यंत्राने पातळ सोलायची, गोल तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा काचेच्या दोन खणांच्या मध्ये पडद्यासारखा ताणून बसवायचा. वरच्या खणात मलम. खालच्या खणात रक्ताचं सोंग घेतलेलं कोमट खारं पाणी आणि ते ढवळत राहणारा तांदळाएवढा लोहचुंबक. दर थोड्या वेळाने खालचं पाणी सुईने काढून मशीनला द्यायचं. मलमातलं औषध कातडीतून किती उतरलं ते मशीन सांगणार, आणि त्यावरून जिवंत माणसाच्या अंगात ते किती जाईल याचा अंदाज बांधायचा.

"ज्योतिषी निदान हात तरी बघतो," विभागाचे साहेब म्हणायचे. "आपण नुसत्या कातडीवर भविष्य सांगतो." एवढा एकच विनोद करायला त्यांना सवड असे. बाकी वेळ ते पळत असत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणत.

त्या सकाळीही ते पळतच आले. "ताई, बुरशीच्या मलमाचं आज सुरू करा. कातडी नवीन आलीय ती घ्या."

कातडी चांगली होती. गव्हाळ, सारखी, कुठे व्रण नाही. धाकटीने तुकडे पाडले, सेल, म्हणजे ते दोन खणांचे काचेचे संच, मांडले, अंगठ्याने हलकेच दाबून प्रत्येक तुकड्याखालचे हवेचे बुडबुडे काढले, चिमटे आवळले. शेवटचा सेल नेहमीप्रमाणे ब्लँक. त्यावर मलम लावायचं नाही, काहीच लावायचं नाही. तो नुसता साक्षीला.

घाईसाहेब गेले ते दार उघडंच टाकून. बाहेरच्या पॅसेजमधली एसीची गार झुळूक टेबलावरून गेली.

ब्लँकमधल्या तुकड्यावर काटा आला.

धाकटी चिमटा हातात धरून बघत राहिली. प्रत्येक रोमरंध्र वर उचललेलं, बारीक बारीक, वाळूसारखं. तिने उठून दार लावलं. परत आली तोवर कातडी सपाट झाली होती.

गोठवलेली वस्तू वितळताना आकसते, ती स्वतःशी म्हणाली. रात्रभर झोप नाही, डोळ्यांना काहीही दिसेल. तिने नोंद केली नाही. झोप न झालेल्या माणसाला काय दिसलं, याची नोंद करायला कुठे रकाना असतो?

२

झोप नसायची ती थोरलीमुळे.

थोरली शाळेत कवायत शिकवायची. तिच्या 'सावधान'ने पलीकडच्या गल्लीतली माणसंही ताठ होत, असं धाकटी कौतुकाने सांगायची. दोघींचे आईवडील लवकर गेले. थोरलीने लग्न न करता धाकटीला शिकवलं, वाढवलं, रागावलं. आता आजार तिच्या हाडांत उतरला होता. पाठ आणि खांदे. कूस बदलायची तर आधी दहा वेळा विचार करावा लागे. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी दुखण्याचा पॅच दिला होता. पाठीवर चिकटवायचा. औषध आपोआप कातडीतून रक्तात जातं.

"जातं म्हणे," थोरली म्हणाली. धाकटी तिच्या पाठीवरचा जुना पॅच काढत होती. "जन्मभर दुसऱ्यांच्या कातडीतून औषधं पार करतेस, आणि घरच्या कातडीवर तुझं काही चालेना. या कातडीला कुणीतरी सांगायला हवं होतं बघ, औषध आत घे म्हणून."

"अक्का, हलू नकोस."

"हलायला ठेवलंय काय माझ्यात? धाकटे, मावशींना जरा सांग. पंखा लावून ठेवतात. सकाळी एकदा अशी थंडी भरली पाठीत, की काटाच आला."

दिवसभर थोरलीजवळ बसणाऱ्या मावशी चप्पल घालत होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "पंखा बंद होता बाई. खिडकीसुद्धा बंद होती."

धाकटीने पॅच लावला आणि तळव्याने दाबून धरला. थोरलीची पाठ तापलेली होती. हाताला अंगातली कळ कळत होती, जशी भिंतीला कान लावला की पलीकडची मोटर कळते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच.

"पॅच रोज कोण लावतं?"

"मीच."

"नक्की लावता ना?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. तो साधेपणाच धाकटीला झोंबला. असले पॅच लोक चोरतात, विकतात, स्वतःला लावतात, हे तिलाही ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे डॉक्टर जरा जास्तच वेळ बघत होते.

३

मशीनवर बसणाऱ्याला प्रयोगशाळेत शेतकरी म्हणत. औषध सापडलं की मशीन कागदावर सुळका काढतं, त्याला म्हणायचं पीक, आणि हा रोज सकाळी चहा घेत विचारायचा, "ताई, आज पीक येईल का?"

त्या दिवशी तो स्वतःच उठून तिच्या टेबलापाशी आला. चहा नव्हता हातात.

"तुमच्या ब्लँकमध्ये पीक आलंय."

"मलम सांडलं असेल."

"मलमाचं नाही. वेगळंच काहीतरी आहे. आणि त्या नव्या कातडीच्या सगळ्या सेलमध्ये आहे. जुन्या कातडीत नाही."

धाकटीने काचा बदलल्या, पाणी नवीन केलं, टेबल धुऊन काढलं. पुन्हा पीक. कातडी देणाऱ्याच्या अंगातच काही औषध मुरलेलं असेल, असं दोघांनी ठरवलं. पण मुरलेलं औषध धुतलं की कमी होत जातं. हे वाढत होतं. दुपारी थोडं, संध्याकाळी जास्त. वरून कुणी हळूहळू सोडत असावं तसं. आणि वर तर काहीच नव्हतं.

शेतकऱ्याने दोन दिवस खटपट करून ते ओळखलं. नाव सांगताना त्याने आवाज खाली आणला.

थोरलीच्या पॅचमधलं औषध होतं ते.

"ताई, घरी कुणाला लावता का हे?"

"बहिणीला." तिला आधी हायसंच वाटलं. "माझ्या हाताला लागून येत असणार. एवढी वर्षं काम करून असला गाढवपणा."

"होतं हो. साहेबांना नको सांगायला."

त्या दिवसापासून पॅच मावशी लावू लागल्या. धाकटी त्या खोलीत उभीही राहायची नाही. प्रयोगशाळेत एकावर एक दोन ग्लोव्हज घालायची. घासून घासून हाताची सालं निघायची वेळ आली.

पीक येतच राहिलं. आणि घरी थोरली तोंडात पदराचा बोळा धरून कूस बदलत राहिली.

धाकटी बसमध्ये उभी राहून हिशेब घालायची. ते पाठीवर लावलेलं औषध. रक्तात नाही. पॅचमध्येही उरलेलं नाही. तिने एक वापरलेला पॅच शेतकऱ्याकडून चोरून तपासून घेतला होता, रिकामा होता. वस्तू अशी नाहीशी होत नसते. या बाजूने गेली तर त्या बाजूला निघतेच. तिच्या साऱ्या नोकरीचा पाया हाच होता. हिशेब जुळत होता, आणि तो जुळत होता म्हणूनच तिला बसमध्ये दरदरून घाम फुटला.

४

दुपारी जेवायला सगळे खाली गेले असताना तिने घरी फोन लावला.

"मावशी, फोन अक्काच्या कानाला धरा जरा."

"काय गं, मेले का बघतेयस?" थोरली.

"जेवलीस का?"

"दोन घास. मावशींनी इतकं पातळ केलं होतं की तुझ्या त्या खालच्या खणातलंच..."

धाकटीसमोर ब्लँकचा सेल होता. झाकण काढलेलं. तिने चिमट्याची बोथट बाजू पुढे केली आणि तुकड्याच्या मधोमध अगदी हलकेच टेकवली.

"...वाटलं. मावशी, पाठीला हात नका हो लावू."

"मी समोर बसलेय की तुमच्या," मावशींचा आवाज लांबून आला. "फोन कुणी धरलाय मग?"

धाकटीने चिमटा उचलला.

"गेला," थोरली म्हणाली. मग थोडं थांबून, "धाकटे, हे असं रोज होतं बघ. सकाळी कुणीतरी अंगठ्याने दाबतं पाठीवर. मधून कडेकडे. पीठ थापतात तसं. मला वाटलं, मेंदूत गेलं माझं दुखणं. म्हणून बोलले नाही."

"दुखतं का? ते दाबलं की?"

"नाही गं." थोरलीचा आवाज एकाएकी लहान मुलीसारखा झाला. "हात चांगला आहे तो. सवयीचा आहे."

धाकटीने फोन ठेवला. चुंबकांची टिकटिक चालू होती. योगायोग म्हणावा तर म्हणता येत होतं. दुखणाऱ्या पाठीला काय काय भास होतात, याची पुस्तकं लिहिलेली आहेत. तिने ती सगळी मनातल्या मनात उघडून पाहिली.

मग पर्समधून घरून आणलेला पॅच काढला. कात्रीने गोल कापला, आणि ब्लँकच्या तुकड्यावर चिकटवला.

संध्याकाळी शेतकऱ्याने त्या सेलचं पाणी मशीनला दिलं आणि डोकं खाजवलं. "वर एवढं औषध लावलंत, आणि खालचं पाणी कोरं! हा काय प्रकार?"

धाकटीने पर्स उचलली आणि ती निघाली. घराचं दार उघडलं तर आतून घोरण्याचा आवाज येत होता. मावशी ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

"दुपारपासून झोपल्यात. बाळासारख्या."

५

मग काही दिवस असे गेले, की धाकटीला ते कुणालाही सांगण्याची इच्छा झाली नाही.

सकाळी ती सर्वांच्या आधी यायची, फ्रीजरमधून त्या कातडीचा तुकडा काढायची, बसवायची, वर पॅच लावायची. घरी थोरलीच्या पाठीवर आता काहीच लावत नव्हते. थोरली उशीला टेकून बसायला लागली. मावशींना तिने उजवीकडे वळ, डावीकडे वळ करून दाखवलं आणि त्यांच्याकडूनही करून घेतलं. एकदा तर धाकटी दारात चपला काढत असताना आतून खणखणीत 'सावधान' आलं, आणि ती खरंच ताठ झाली. दोघी हसून हसून दमल्या. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "आता नीट लावताय वाटतं."

पण सेलवर बसवलेली कातडी दोन दिवसांत खराब होते. नवा तुकडा घ्यावा लागे. फॉइलची गुंडाळी लहान लहान होत चालली.

एका सकाळी दोन दिवस झालेला तुकडा बदलावा म्हणून तिने पॅच उचलला आणि दिवा जवळ ओढला. तुकड्यावर रेघा होत्या. दोन तिरक्या, एक त्यांना छेदून गेलेली. लालसर, दबलेल्या. कापलेल्या नव्हत्या. असल्या रेघा तिने कुठेतरी पाहिल्या होत्या, आणि कुठे ते आठवायला तिला मुळीच आवडणार नव्हतं.

चुरगळलेल्या चादरीवर झोपून उठल्यावर अंगावर उमटतात तशा होत्या त्या.

तिने फोन केला. "मावशी, अक्काखालची चादर गोळा झालीय का?"

"अगं बाई, हो की! तुम्हाला कसं कळलं?"

"ओढून सरळ करा."

फोन कानालाच ठेवून ती बघत राहिली. पलीकडे मावशी 'जरा कूस घ्या' म्हणाल्या, थोरली काहीतरी पुटपुटली, कापड ओढल्याची सर्र झाली. इकडे दिव्याखाली रेघा हळूहळू भरत आल्या. आधी छेद देणारी गेली. मग दोन्ही तिरक्या. कातडी पुन्हा गुळगुळीत झाली, आणि धाकटीने पाहिलं, की तुकडा जराही खराब झालेला नव्हता. वास नाही, कडा सुकलेल्या नाहीत. तिने तो बदलला नाही.

दुपारी घाईसाहेब आले. "बुरशीच्या मलमाचं काम संपलं, ताई. त्या लॉटची कातडी काढून टाका. जाळायला गाडी येतेय."

"साहेब, थोडे दिवस राहू द्या. ब्लँकचा घोळ अजून सुटला नाही."

"ब्लँकचाच ना? ब्लँकमध्ये काय असतं?" म्हणत ते पुढच्या खोलीत गेलेसुद्धा.

गाडी आली तेव्हा फ्रीजरमधली गुंडाळी शेतकऱ्याने पिशवीत भरली. धाकटी जिन्यात कठडा घट्ट धरून उभी राहिली. फोन वाजला नाही. तिने स्वतः लावला. थोरली झोपली होती, शांत. गोठलेल्या तुकड्यांचं काही नव्हतं तर. जे होतं ते त्या एका, बसवलेल्या तुकड्याचं होतं. आणि तो तिने काळ्या कागदाने झाकून, मोडक्या सेलच्या रांगेत मागे सरकवून ठेवला होता.

६

थोरली गेली ती दुपारच्या झोपेत. दुखलं नाही. मावशी पाणी घेऊन आल्या तर हात गार होता, एवढंच.

तिला न्यायच्या आधी धाकटीनेच तिला पुसून घेतलं. कुशीवर वळवलं, आणि बराच वेळ पाठीकडे बघत बसली. पाठभर चादरीच्या रेघा होत्या. फक्त डाव्या खांद्याखाली एक गोल जागा होती, बटणापेक्षा जरा मोठी, तिथे एकही रेघ नव्हती. सगळ्या रेघा तिच्या कडेपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

"काय बघताय?" मावशींनी विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली, आणि पाठ झाकली.

सगळं उरकल्यावर तिने पलंग देऊन टाकला. गादी, उशा, चादरी, सगळं. मावशींनी जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता जरा झोपा तुम्ही. सुटल्या त्या."

धाकटीही तेच म्हणत होती. सुटली. दमलेल्या माणसाला हा शब्द मऊ लागतो, त्यावर डोकं टेकता येतं.

७

कामावर परत आली ती एक गोष्ट उरकायची ठरवूनच. तुकडा काढायचा, जाळायच्या पिशवीत टाकायचा, काच धुवायची.

पाणी अजून कोमट होतं. शेतकरी म्हणाला, "तुम्ही बंद करू नका म्हणाला होतात, म्हणून ठेवलं चालू. घरी काय काय झालं ते कळलं. वाईट वाटलं, ताई."

ती मान हलवून मागच्या रांगेकडे गेली. काळा कागद काढला. वरचा पॅच केव्हाच कोरडा पडून सुटला होता. तुकडा तसाच होता, गव्हाळ, ओलसर, ताजा. इतके दिवस कुठली कातडी टिकत नाही.

त्यावर रेघा होत्या.

जुन्याच असतील. शेवटच्या दुपारच्या. तिने चिमट्याकडे हात नेला, आणि मग तो मागे घेऊन दिवा आणि भिंग ओढलं. रेघांच्या मधे मधे विणीचे ठसे उठले होते, पोत्यासारखे जाडे, खरबरीत. घरात असलं कापड कधी नव्हतं. आणि बघता बघता त्या रेघा सरकल्या. एका बाजूच्या पुसट झाल्या, दुसऱ्या बाजूच्या खोल गेल्या. कुणीतरी जड अंगाने, सोसत सोसत, कूस बदलावी तशा.

धाकटीने टेबल धरलं. तिच्या तोंडून निघालं, "अक्का, हलू नकोस."

कातडी शहारली. थरथरत राहिली.

धाकटीने पर्स उपडी केली. घरचे उरलेले पॅच ती कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून बरोबर घेऊन फिरत होती. तिने एक कापला, लावला, अंगठ्याने मधून कडेकडे दाबला. तळवा वर धरून बसून राहिली. खूप वेळाने तळव्याखालची थरथर मंद झाली. मग थांबली.

संध्याकाळी शेतकऱ्याने खालचं पाणी मशीनला दिलं. "कोरं," तो म्हणाला. मग कागद खाली ठेवून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, हे आता कशासाठी चाललंय? टाकून देऊ या ना. सकाळी गाडी येईल, मी देतो पिशवीत."

"नको."

"वर लावलेलं सगळं जातंय, आणि खाली काहीच येत नाही. जातं कुठे ते?"

"ते मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. "पण लागतंय तिला अजून."

 जाताना सेलवरचा काळा कागद शेतकऱ्याने नीट सारखा केला, दोन बोटांनी, लांबूनच.

पॅच पुरवून पुरवून वापरले तरी संपत आले. शेवटचा लावला त्या दिवशी धाकटी अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे गेली. बाकावर बराच वेळ बसावं लागलं. आत गेल्यावर डॉक्टर उठून उभे राहिले, थोरलीबद्दल दोन शब्द बोलले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुमचं काय?"

"दुखतंय," धाकटी म्हणाली.

"कुठे?"

तिने हात मागे नेऊन डाव्या खांद्याखाली ठेवला. "गोळ्या ठरत नाहीत मला. पॅच चालेल."

डॉक्टरांनी लेखणी उचलली आणि क्षणभर तशीच धरली. "केव्हापासून आहे हे?"

"ती गेल्यापासून," धाकटी म्हणाली.